आधी खोडरबर, मग शाई

दामोदर भोईरसरांची आणि माझी ओळख एका पिठाच्या गिरणीच्या पाटीमुळे झाली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये माझ्या वडिलांचं पाट्या रंगवण्याचं दुकान होतं. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबरप्लेटा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक, सगळं आमच्याकडे व्हायचं. मी एका शाळेत कारकून होते आणि संध्याकाळी दुकानात ब्रश धरायचे. शेजारच्या गिरणीवाल्याला मी एक पाटी करून दिली होती: 'दळण दुपारपर्यंतच घेतले जाईल. भांडण नको.' दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. पन्नाशी ओलांडलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ काखेत कागदांची भलीमोठी गुंडाळी घेऊन दुकानात शिरले आणि विचारते झाले, "ती गिरणीची पाटी कुणी लिहिली?"

वडिलांना वाटलं, शुद्धलेखनाची तक्रार आली. त्यांनी तत्परतेने माझ्याकडे बोट दाखवलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "'भांडण नको' वाचताना तो गिरणीवाला ऐकू येतो. मला असंच अक्षर पाहिजे. माणसं बोलतात ना, त्यांच्या तोंडचं." मग त्यांनी गुंडाळी आमच्या काउंटरवर उलगडली. पानभर चौकटी होत्या. चौकटींत कारवीच्या कुडाची घरं होती, नदीत खेकडे शोधणाऱ्या बायका होत्या, वीटभट्ट्या होत्या. प्रत्येक डोक्यावर बोलण्याचा एकेक फुगा होता आणि सगळे फुगे रिकामे होते.

"लहान मुलांसाठी आहे का?" मी विचारलं. आज या प्रश्नाची आठवण झाली की सर हसतात, कारण तेव्हा तो त्यांना भेटेल तो माणूस विचारत असे. ते म्हणाले, "नाही. ही बातमी आहे. मी ती काढतो." आपल्या या उद्योगाला त्यांनी चित्रवृत्तांत असं नाव ठेवलं होतं. त्या संध्याकाळपासून आजवर सरांच्या चित्रांतली माणसं माझ्या अक्षरांत बोलत आली आहेत. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला जागा मिळाली ती एवढ्याच अधिकारावर.

सर मूळचे मोरिवलीचे. त्यांच्या वडिलांची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि ज्या कारखान्याखाली ती गेली, त्याच कारखान्यात सर ड्राफ्ट्समन म्हणून लागले. बरीच वर्षं त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढली. पुढे कारखाना बंद पडला. त्यांच्याबरोबरच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी किराणा दुकान टाकलं. सरांनी आखणीचा टी-स्क्वेअर उचलला आणि बदलापूरच्या पलीकडच्या कातकरी वाड्यांवर जायला सुरुवात केली. घरच्यांनी डोक्याला हात लावला. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मात्र एक शबनम पिशवी शिवून दिली, कागद मावेल एवढी लांब, आणि तिच्या तळाशी डब्याचा वेगळा कप्पा केला. सरांच्या कामाला मिळालेलं ते पहिलं अनुदान, असं मी म्हणते.

कातकरीच का, असं मी एकदा विचारलं होतं. आम्ही मोरिवलीजवळच्या जुन्या शिवमंदिराबाहेर चहा घेत बसलो होतो. सरांचं एखादं पान अडलं की ते तिथे येऊन बसत. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. मुंबईच्या एका वाचनालयातल्या इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकातलं चित्र होतं ते. एक कातकरी पुरुष समोरून, तोच पुरुष बाजूने. खाली नाव नव्हतं, फक्त जमात. "बघ," सर म्हणाले, "मी नटबोल्टचं चित्र असंच काढायचो. एक समोरून, एक बाजूने." मग त्यांनी सांगितलं ते मी तोवर कुठल्याच शाळेत ऐकलं नव्हतं. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही माणसं, म्हणून कातकरी. इंग्रजांनी जंगल सरकारी केलं आणि कात काढणं हा गुन्हा ठरला. मग पोटासाठी वणवण करणाऱ्यांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. इंग्रज गेले, तो कायदाही गेला, पण शिक्का काही कुणी पुसला नाही. सर म्हणाले, "माझ्या बापाची जमीन गेली तर निदान लोकांनी हळहळ तरी केली. यांचं जंगल गेलं आणि वर यांनाच चोर म्हणतात." सर एरवी चढ्या आवाजात बोलत नाहीत. त्या दिवशी चहावाल्याने वळून पाहिलं.

सरांच्या कामाची एक पद्धत आहे आणि तिच्यामुळे मी कितीदा तरी वैतागले आहे. पान पेन्सिलीने काढून झालं की ते लगेच शाई भरत नाहीत. सगळी पानं घेऊन वाडीवर जातात, शेणाने सारवलेल्या अंगणात मांडतात, कोपऱ्यांवर खडे ठेवतात आणि एकेक चौकट मोठ्याने वाचून दाखवतात. ज्याचं चित्र आहे त्याच्या हातात खोडरबर देतात. "मी असा बोललोच नाय" असं कुणी म्हटलं की ते वाक्य तिथल्या तिथे जातं. सगळ्यांनी होकार दिल्यावरच शाई. मी रात्रीचा दिवस करून लिहिलेले किती फुगे असे पुसले गेले असतील! एकदा मी चिडून म्हटलं, "सर, वर्तमानपत्रवाले कुणाला विचारून छापतात का?" ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आपण विचारायचं." मी पुन्हा लिहायला बसले.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती लहू हिलमच्या वेळी.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला लहूची वाडी. लहू आणि त्याची बायको सोमी हिवाळ्यापासून वीटभट्टीवर कामाला जात. त्या उन्हाळ्यात जवळच्या एका फार्महाउसमधली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस वाडीवर आले. त्यांनी फार चौकशी केली नाही. अंगणात उभा होता तो लहू, म्हणून लहूला नेलं. चोरी झाली त्या रात्री लहू भट्टीवर होता. भट्टी पेटवायची रात्र होती ती, सगळे गडी तिथेच असतात. हे भट्टीच्या शेठना चांगलं ठाऊक होतं, पण ते चौकीत जायला तयार नव्हते. सोमी त्यांच्या दारात जाऊन बसली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला पोलिसांची भानगड नको. मी कशाला बोलू?" लहू कल्याणच्या तुरुंगात गेला. जामीन द्यायला कुणी नव्हतं.

सरांनी लहूवर चित्रवृत्तांत करायचं ठरवलं आणि महिनाभर दुसरं काही केलं नाही. पानं तयार झाली तेव्हा वाचून दाखवायला त्यांनी मलाही नेलं. अंगणात पानं मांडली, खडे ठेवले. सर वाचू लागले. नेहमी पहिल्या चौकटीपासून हसणं-खिदळणं सुरू व्हायचं, हा बघ तू, ही बघ तुझी कोंबडी. त्या दिवशी माणसं चौकटींपासून मागे सरकली. एका म्हातारीने पोरांना मागे ओढलं. शेवटी सोमी म्हणाली, "यांना त्वांडा नाय. मेलेल्याना काढलंव काय?"

सरांनी वाडीतल्या कुणालाच चेहरा काढला नव्हता. लहूच्या जागी खांदे होते, हात होते आणि मानेवर कोरा गोल होता. त्यांनी ते विचार करून केलं होतं. पोलिसांच्या हातात ही पानं पडली तर वाडीतल्या माणसांना ओळखून त्रास देतील, ही त्यांची भीती. त्यांनी सोमीला तसं समजावून सांगितलं. सोमीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोलीस आमाना वळखत नाय, म्हनून तर न्हेतात. त्यांना आमी सगलं सारखंच. कोनी बी कातकरी गावला का घाला गाडीत. माझ्या दादल्याला त्वांड काढा. म्हंजे कलंल, हा लहू हाय. दुसरा कोनी नाय."

सर खाली बसले. त्यांनी पिशवीतून ती जुनी झेरॉक्स काढली, आपल्या पानाशेजारी ठेवली आणि दोन्हींकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पन त्या सायबासारखाच काढला गं." सर शहरी मराठी बोलतात. मनाला फार लागलं तरच त्यांच्या तोंडून मोरिवलीची बोली येते.

पण चेहरा काढायचा कसा? लहू तुरुंगात आणि त्याचा फोटो एकही नाही. सरांनीही त्याला पाहिलेलं नव्हतं. मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. सरांनी कोरा कागद घेतला आणि विचारलं, "सांगा, कसा दिसतो?" सगळी वाडी भोवती गोळा झाली. नाक त्याच्या धाकट्या पोरीसारखं, असं एकाने सांगितलं, तर त्या पोरीला पुढे आणून उभं केलं. भुवया आईच्या, म्हणून आईला बसवलं. हनुवटीवरून दोन गट पडले. कुणी म्हणे टोकदार, कुणी म्हणे नाही, रुंद. खोडरबर या हातातून त्या हातात फिरत होतं. सोमी मागे उभी राहून फक्त "नाय, नाय" म्हणत होती. मग सरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यात एक बारीक घडी घातली तशी ती पुढे आली. तिने पदर तोंडाला लावला. धाकटी पोर कागदाकडे बघून म्हणाली, "बाबा." मला रडू आवरेना आणि रडताना कुणी बघू नये म्हणून मी खडे गोळा करायच्या उद्योगाला लागले.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. छप्पन्न सालच्या धर्मांतराच्या वेळी माझे वडील लहान होते. शिक्का म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "चेहऱ्याखाली नाव लिही. जाड ब्रशने लिही. बोर्डावर लिहितो तसं." मी 'लहू हिलम' लिहिलं, आजवर कुठल्या दुकानाचं नाव लिहिलं नसेल एवढं जपून.

आता राहिले शेठ. सर भट्टीवर गेले आणि म्हणाले, तुमचं चित्र काढायचंय. पोलिसांची भानगड नको म्हणणारे शेठ चित्राचं नाव काढताच खुलले. आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, केस नीट केले, गळ्यातली साखळी वर काढली आणि विचारलं, "मोटारसायकल येईल का त्यात?" सरांनी मोटारसायकलही घेतली. मिश्या तर अशा काढल्या की शेठच्या आयुष्यात तशा कधी उगवल्या नव्हत्या. मग सरांनी नेहमीच्या पद्धतीने चौकट वाचून दाखवली. चौकटीत भट्टी पेटली होती, लहू ओल्या मातीने भट्टी लिंपत होता, शेठ मिश्यांसह समोर उभे होते आणि खाली लिहिलं होतं: 'मोटर चोरीला गेली त्या रात्री लहू हिलम शेठच्या डोळ्यांसमोर काम करत होता.'

शेठचा चेहरा पडला. सरांनी त्यांच्या हातात खोडरबर दिलं आणि म्हणाले, "शेठ, खोटं असेल तर पुसा. माझी काही हरकत नाही. फक्त चौकट एकच आहे. लहू गेला तर तुम्हीही जाल, मोटारसायकलही जाईल."

मी बाजूलाच उभी होते. शेठ एकदा लहूकडे बघत, एकदा स्वतःच्या मिश्यांकडे. त्यांनी खोडरबर कागदावर टेकवलंसुद्धा. त्यांनी पुसलं असतं तर सरांनी दुसरी प्रत काढली नसती, हे मला माहीत होतं. सरांचा शब्द म्हणजे शब्द. सोमीच्या घरधन्याची सुटका त्या रबराच्या तुकड्याखाली होती. शेवटी शेठनी रबर खाली ठेवलं. "राहू द्या," ते म्हणाले, "खोटं कुठाय त्यात?"

एकाही साप्ताहिकाने ती पानं घेतली नाहीत. एका संपादकांनी मुलांच्या पुरवणीत टाकतो म्हणून दिलासा दिला. छापली ती आमच्या कॅम्प पाचच्या सिंधी लालचंदभाईंनी. त्यांच्या छापखान्यात पापडाची आणि बिस्किटांची वेष्टनं छापली जात. दोन कामांच्या मधल्या वेळात त्यांनी आमची पानं काढून दिली, वेष्टनांच्याच कागदावर. "साईं, न्यूज है ना? न्यूज गरम बिकती है," म्हणत त्यांनी स्वतः बदलापूर स्टेशनाबाहेरच्या पेपरवाल्याकडे गठ्ठा पोचवला. शेठनी बऱ्याच प्रती उचलल्या, पाव्हण्यारावळ्यांत वाटल्या आणि आपली चौकट फ्रेम करून भट्टीच्या ऑफिसात लावली. आता त्यांना बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. येणारा-जाणारा विचारू लागला, शेठ, मग तुम्ही सांगत का नाही? पुढच्या तारखेला ते लहूला कोर्टाने दिलेल्या वकिलांबरोबर कोर्टात गेले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं. लहू सुटला.

तो घरी आला तेव्हा सोमीने त्याच्यासमोर ते पान धरलं. आपण नसताना आपला चेहरा सगळ्यांनी मिळून आठवला, हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो सरांना म्हणाला, "कान थोडा मोठा झालाय. पन ऱ्हाऊ द्या." त्यानंतर वाडीवर पोलीस आलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. आले. पण आता दारात उभी राहून सोमी आधी विचारते, "कोन पायजे? नाव काय त्याचा?" आणि नाव सांगता आलं नाही तर तिच्या मागे अख्खी वाडी उभी राहते. सरांच्या कामाने हा बदल घडवला.

सरांच्या मायेबद्दल लिहायचं तर माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकान बंद ठेवावं लागणार होतं. सर सकाळी मोरिवलीहून आले, वडिलांचा रंगाने माखलेला शर्ट अंगात घातला आणि बोर्ड रंगवायला बसले. पट्टी निघेपर्यंत रोज येत होते. आता सरांचं अक्षर म्हणजे अस्सल ड्राफ्ट्समनचं, प्रत्येक काना काटकोनात, वीजमंडळाच्या धोक्याच्या पाटीसारखा. लालचंदभाईंनी आपल्या छापखान्याचा नवा बोर्ड पाहून विचारलं, "साईं, ये प्रेस है कि ट्रान्सफॉर्मर?" सर ओशाळले. बोर्ड मात्र लालचंदभाईंनी बदलला नाही. आजही तो तिथे आहे आणि तिथून जाताना मला दर वेळी भरून येतं. माझ्या वडिलांचे ग्राहक टिकावेत म्हणून एका मोठ्या कलावंताने आपलं सगळ्यात वाईट काम चारचौघांत टांगून घेतलं.

सरांमुळे मी काय शिकले, असं विचाराल तर विचारायला शिकले. शाळेत एखाद्या मुलाच्या दाखल्यावर काही लिहिण्याआधी आता मी त्याच्या आईला वाचून दाखवते. माझे साहेब कपाळाला आठ्या घालतात. त्यांना मी भोईरसरांचं नाव सांगते.

या ग्रंथासाठी सत्कार समितीला सरांचं चित्र हवं होतं. शोधलं तर एकही नाही. इतकी वर्षं इतक्या माणसांना चेहरे देणारे सर स्वतःच्या चौकटीत कधी आलेच नाहीत. आले तर पाठमोरे, नाहीतर पेन्सिल धरलेला नुसता हात. म्हणून गेल्या महिन्यात मी कागद घेऊन लहूच्या वाडीवर गेले. सरांना कळू दिलं नाही. अंगणात कागद मांडला, खडे ठेवले आणि विचारलं, "सांगा, कसे दिसतात?" माझा हात अक्षरांचा, चित्राचा नव्हे, त्यामुळे सुरुवातीला सर थेट भट्टीच्या शेठसारखे दिसू लागले. खूप हसणं झालं. मग नाक लहूने सांगितलं, चष्मा धाकट्या पोरीने. ती आता आश्रमशाळेत शिकते. हळूहळू सर कागदावर येऊ लागले. मी कपाळावर आणि गालांवर सुरकुत्या काढत सुटले, तेव्हा सोमीने माझा हात धरला.

"एवढ्या आताच नको भरू," ती म्हणाली, "जागा ठेव. म्हातारा व्हयाचा हाय तो अजून."

मी खोडरबर घेतलं आणि निम्म्या सुरकुत्या पुसल्या. ते चित्र या लेखासोबत दिलं आहे. ते पेन्सिलीतच आहे, कारण अजून सरांना दाखवलेलं नाही आणि त्यांच्या होकाराशिवाय शाई भरायची आपली पद्धत नाही. सर, सत्काराच्या दिवशी आम्ही खोडरबर तुमच्या हातात देऊ. बाकी हवं ते पुसा. सोमीने ठेवलेली ती मोकळी जागा तेवढी पुढच्या पुष्कळ वर्षांसाठी तशीच राहू द्या.